मुलगी नववीत, मैत्रीण ऊसतोडीला गेलेली आणि घरात वेगळ्या कपावरून रोज भांडण, काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी नववीत आहे, शाळेने दिवाळीआधी गावाचा सर्व्हे करायला लावला, घरं किती, नळ कुठे, शिकलेले किती वगैरे, त्यासाठी ती पहिल्यांदा माळावरच्या वस्तीत घरोघर फिरली आणि तेव्हापासून तुमच्या शब्दांत "पोरगी बदलली". धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींचा कप आजी वेगळा ठेवतात म्हणून ती आजीशी भांडते, दोनदा ताटावरून उठली, जिवलग मैत्रीण दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली म्हणून रात्री रडते. मिस्टर म्हणतात शाळेने पोरीचं डोकं फिरवलं. सव्वीस जानेवारीला तिने तो सर्व्हे स्टेजवर वाचावा असं सरांचं म्हणणं आहे, आणि तुम्ही विचारताय की तिला शांत कसं करू. मग जाता जाता एक ओळ लिहिलीय, की आमचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीसाठी साखर कारखान्याला लागलाय आणि मैत्रिणीचे आईवडील यंदा आमच्याच ऊसतोडीच्या टोळीत आहेत.

ती ओळ तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलीत. मी सुरुवात तिथूनच करणार आहे, पण आधी थोडं माझ्याबद्दल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २४ वर्षं शिकवतेय, त्यातली १७ बीड आणि नगरच्या सीमेवरच्या गावांत. तिकडे दसरा झाला की वर्ग निम्मा रिकामा होतो आणि मार्च-एप्रिलला परत भरतो, हातावर उसाच्या पाल्याचे ओरखडे असलेली पोरं बाकावर येऊन बसतात आणि आपण त्यांना विचारतो की बाळा, मागचा धडा आठवतोय का. तुमच्या मुलीसारख्या मुली मी बऱ्याच बघितल्यात. तरी मी तुमचं घर बघितलेलं नाही. तुमच्या शब्दाला घरात किती वजन आहे, मिस्टर चिडले की नुसते गप्प होतात की हात उचलतात, वस्ती नेमकी कोणाची आहे, गावात आधीच काही तणाव आहे का, ह्या सगळ्यावर बरंच काही अवलंबून आहे. खाली जे लिहितेय ते ह्या अंदाजाने की घर रागावतं पण ऐकूनही घेतं. तसं नसेल तर नवऱ्याबद्दल जे लिहिलंय तो भाग सोडून द्या, बाकीचं करा.

आता मुद्दा. तुमच्या मुलीला शांत करायची गरज नाहीये, तिने जे बघितलं ते खरंच आहे. अडचण अशी झालीय की तिला दिसलं दोन ठिकाणी आणि ती भांडतेय एकाच ठिकाणी. माझा अंदाज चुकूही शकतो, पण ती आजीवर ओरडते तेव्हा तिच्या मनात सगळा कप नसतो. आपली मैत्रीण ज्या टोळीबरोबर गेली ती टोळी आपल्या बाबांची आहे आणि आपली फी, आपला मोबाईल, दिवाळीचा ड्रेस त्याच ट्रॅक्टरमधून आलाय, हे तिला कळलंय किंवा कळायला लागलंय. हे बाबांना बोलता येत नाही. आजीला बोलता येतं. आजी सोपी आहे, कप समोर दिसतो.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं मी नेहमी हे बघत आलेय. विषमता त्यांना आधी वागण्यातून दिसते, कोण कोणाला अरे-तुरे करतं, कोण ओट्यावर बसतं आणि कोण खाली बसतं. हिशोब दिसायला वेळ लागतो. आणि आपण मोठी माणसं त्यांना वागण्यापाशीच थांबवतो कारण ते आपल्याला परवडतं. "आजी जुन्या वळणाची आहे बाळा" म्हटलं की विषय संपला, टोळीचा हिशोब कोणी उघडला नाही.

कप आणि कोयता, म्हणजे ऊसतोड, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे पण तिला सांगायला लागेल, कारण सर्व्हेच्या कागदावर ते एकाच रकान्यात आलेत. ऊसतोडीला जाणारे सगळ्या जातींचे असतात, वंजारी आहेत, बंजारा आहेत, दलित आहेत, धनगर आहेत, दोन एकर कोरडवाहू असलेले मराठेही आहेत. त्या सगळ्यांना लागू होतो तो कोयता. कप मात्र त्यातल्या काहींनाच वेगळा मिळतो. म्हणजे एकीकडे जमीन, पाणी आणि उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीची गोष्ट, दुसरीकडे जातीची, आणि ज्या घरात दोन्ही एकत्र येतात तिथे सगळ्यात जास्त भार पडतो. हे एवढं जरी तिला वेगवेगळं बघता आलं तरी तिचा निम्मा गोंधळ कमी होईल, राग कमी होणार नाही पण तो कुठे ठेवायचा ते कळेल.

कपाचं आधी उरकून घेऊ कारण त्यात फार विचार करण्यासारखं नाही. ताई, कप तुमच्या स्वयंपाकघरात आहे. आजीचं मन बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. माझ्या सासरी चुलीमागच्या फळीवर एक जर्मनचा पेला वेगळा असायचा, गड्यासाठी. मी शिक्षिका, वर्गात घटनेचं सतरावं कलम शिकवायची, अस्पृश्यता कुठल्याही रूपात पाळायला बंदी म्हणून फळ्यावर लिहायची, आणि घरी येऊन तीन वर्षं त्याच पेल्यात चहा ओतला. हे सांगायला लाज वाटते पण सांगतेय. चौथ्या वर्षी एक दिवस तो पेला उचलून गोठ्यात नेला आणि पेंड मोजायला ठेवून दिला. सासूबाईंनी दोन दिवस शोधला, तिसऱ्या दिवशी त्यांना गोठ्यात दिसला, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. मी भाषण दिलं असतं तर भांडण झालं असतं. त्यांचं मत बदललं का, मला नाही वाटत. पण गडी त्यानंतर आम्ही ज्या कपात प्यायचो त्यातच प्यायला.

मुलीला मात्र आजीविरुद्ध सोडू नका. तिला आजीकडे एक काम घेऊन पाठवा, १९७२ च्या दुष्काळाचं विचारायला. आजी पासष्टी-सत्तरीच्या असतील तर तेव्हा त्या शाळकरी वयाच्या असणार. मी वर्गाला हे काम दर वर्षी द्यायचे आणि दर वर्षी काहीतरी असं यायचं की मी पण गप्प व्हायचे. एका मुलाच्या आजीने सांगितलं की आम्ही सगळे एकाच खडीच्या कामावर होतो, एकाच रांगेत सुकडी, म्हणजे दुष्काळातलं वाटपाचं खाणं, घ्यायचो, एकाच टँकरच्या पाण्याला सगळे हंडे लागायचे, पुढच्या वर्षी पाऊस झाला, आडाला पाणी आलं आणि पाणवठे परत वेगळे झाले. मुलाने हे वहीत जसंच्या तसं लिहून आणलं होतं, खाली स्वतःचा एक प्रश्न, "म्हणजे तहान लागल्यावर बाटत नव्हतं का?" मी त्याच्यावर नुसती बरोबरची खूण केली. डॉ. बाबा आढावांनी त्याच दुष्काळाच्या आसपास एक गाव एक पाणवठा ही चळवळ चालवली, गावोगाव फिरून पाणवठे सगळ्यांना खुले आहेत का हे तपासत. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता २० मार्च १९२७ ला. मधे पंचेचाळीस वर्षं गेली, राज्यघटना आली तरी तोच विषय. हा हिशोब मुलीला करायला सांगा, वर्षांची वजाबाकी करायला लावली की मुलं आपोआप गंभीर होतात.

आणि आजी जर माझ्या सासूबाईंसारख्या शाहू महाराजांचं नाव आल्यावर हात जोडणाऱ्या असतील, तर गंगाराम कांबळ्यांची गोष्ट नातीनेच सांगावी. राजवाड्यात कामाला असलेल्या ह्या माणसाला पाण्याला शिवला म्हणून मारहाण झाली, महाराजांनी त्याला कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे चहा प्यायला जाऊन बसले. राजा पितो म्हटल्यावर बाकीच्यांना पिणं भाग पडलं. आजीला हे पटेलच असं नाही, पण आजी-नातीचं बोलणं भांडण न होता चालू राहील, सध्या ते जास्त महत्त्वाचं आहे.

मावशींना कोणी विचारलं का हो? हे राहून जातं. तुमच्या घरी त्यांच्या कपावरून महिनाभर महाभारत चाललंय, त्या तिथेच भांडी घासतायत आणि त्यांचं मत कोणाला माहीत नाही. आमच्या शाळेत झाडलोटीला एक बाई यायच्या, मी नवी नवी उत्साहात त्यांना स्टाफरूममध्ये आमच्याबरोबर चहाला बसवलं, कप तोच, खुर्ची तीच, मला फार बरं वाटत होतं. चहा पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, कप कोणता बी द्या, हजेरी तेवढी वाढवा." हजेरी म्हणजे रोजची मजुरी. मी कित्येक दिवस ह्यावर विचार करत होते. त्यांना मान नको होता असा ह्याचा अर्थ अजिबात नाही. पण आधी काय आणि मग काय, हे त्या ठरवणार, मी नाही. तुमच्या मुलीला सांगा, मावशींना त्यांच्या पगाराची, सुट्टीची, दिवाळीच्या बोनसची चौकशी कर आणि मग आईशी भांड. हो, तुमच्याशी. त्याची तयारी ठेवा.

आता कोयता. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण शहरातले वाचणारेही असतील आणि तुमच्या मुलीला पण बाबांच्या धंद्याचं हे गणित कोणी समजावून सांगितलं नसेल.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हे नावच बघा, माणसं मोजायची ती अवजाराने आणि दोन माणसं मिळून एक. टोळीत दहा कोयते म्हणजे वीस माणसं, आणि त्यांच्या मागे फिरणारी पोरं कोणी मोजत नाही. पावसाळ्यात हाताला काम नसतं, लग्न, दवाखाना, पेरणी असतेच, तेव्हा मुकादम, म्हणजे टोळी गोळा करणारा ठेकेदार, उचल देतो. ती फेडायला हंगामभर ऊस तोडायचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा टनाचा दर २७३ वरून ३६६ रुपयांच्या आसपास गेला. आता मुलीला कागद-पेन घेऊन बसवा. समजा एका कोयत्याने फडात, म्हणजे उसाच्या शेतात, दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहून गाडी भरली. झाले ७३२ रुपये, दोघांचे. उचल समजा एक लाख. भागाकार केला तर १३७ दिवस येतात. म्हणजे साडेचार महिने, एकही सुट्टी नाही, एकदाही ताप नाही, बाईला पाळीत एक दिवसही पाठ टेकायची नाही. आणि १३७ दिवसांनी हातात येणार शून्य, कारण लाख तर आधीच खर्च झालेत. खायचं काय, तर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून आठवड्याचा बाजार करायचा. एखाद्या दिवशी खाडा झाला, म्हणजे कामावर जाता आलं नाही, तर त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर बऱ्याच टोळ्यांत खाड्याचा दंड कापतात. ऊस कमी असेल तर कारखान्याचा पट्टा १३७ दिवसांच्या आधीच पडतो, म्हणजे हंगाम संपतो. मग बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

मी हे गणित सातवीच्या वर्गात भागाकार शिकवताना घ्यायचे. तोडीला जाऊन आलेल्या पोरांचं उत्तर सगळ्यात आधी तयार असायचं आणि ती माझ्याच चुका काढायची, "बाई, रोज दोन टन नाय होत, पाऊस पडल्यावर फडात चिखल असतो." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त येत होतं. गावातली पोरं आधी हसायची, मग भागाकार बघून हसायची थांबायची.

ह्या हिशोबात तुमचे मिस्टर कुठे बसतात? तुम्ही ट्रॅक्टर लावलाय म्हणजे कारखान्याशी वाहतुकीचा करार असणार, टोळीसाठी पैसे मुकादमाला आधी द्यावे लागले असणार आणि ट्रॅक्टरचे हप्ते चालू असणार. मुकादम लाखो रुपये उचलून टोळी न आणता पसार झाला, असं वाहनमालकांच्या बाबतीत किती तरी वेळा होतं. म्हणजे ते ह्यात मजा मारतायत असं नाही, तेही टांगणीला आहेत. पण फरक आहे आणि तो मुलीपासून लपवू नका. त्यांचा धोका पैशाचा आहे, टोळीतल्या माणसाचा धोका अंगाचा आणि पोरांच्या शाळेचा आहे. धंदा बुडाला तर ट्रॅक्टर विकता येतो.

म्हणून माझा सल्ला, मुलीने बाबांना जाब विचारू नये, हिशोब विचारावा. "बाबा, यंदा टोळीला किती दिले, त्यातले किती फिटले, कारखाना तुम्हाला कधी देतो, मागच्या वेळी मुकादमाने फसवलं तेव्हा काय केलं?" बापाला पोरीने धंद्याचं विचारलं की तो बोलतो, माझा अनुभव आहे, इतकी वर्षं त्याला घरात कोणी विचारलेलंच नसतं. बोलता बोलता एखादी गोष्ट निघते जी त्याच्या हातात आहे. खाड्याचा दंड कापायचा की नाही. आजारी बाईला फडातून दवाखान्यात न्यायला गाडी द्यायची की नाही. टोळी ठरवतानाच मुकादमाला सांगायचं की शाळेतली पोरं आणू नका, मागे राहिली तर त्यांच्या धान्याचं मी बघतो. कारखानदारी आणि उचलीची पद्धत तुमच्या घरातून बदलणार नाही, हे तिलाही कळू द्या, पण ह्या तीन गोष्टी बदलू शकतात. आणि बाबांनी ऐकलंच नाही तर? तर तिला कळेल की आपल्या आवडत्या माणसाचंही काही चुकू शकतं आणि तरी तो आवडता राहतो. हे मला चाळिशीत कळलं, तिला चौदाव्या वर्षी कळतंय, जड जाणारच.

शाळेने डोकं फिरवलं ह्यावर एकच सांगते. पाठ्यपुस्तक उघडलं की सुरुवातीला उद्देशिका छापलेली असते, सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय. पोरगी ती वाचून मग गावात फिरली. शाळेने जे छापलं ते तिने खरं मानलं, एवढंच झालंय.

आता माझी एक चूक, कारण सव्वीस जानेवारीचं उत्तर त्यात आहे.

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट, माझ्या सहावीच्या वर्गातली एक मुलगी एप्रिलला फडावरून परत आली. मला वाटलं गावातल्या पोरांना कळायला पाहिजे, म्हणून मी तिला पुढे उभं केलं आणि म्हटलं, सांग बरं तिथे कसं असतं, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कसं राहता, पहाटे किती वाजता उठता. ती बोलली. चांगलं बोलली. पोरं गप्प ऐकत होती, दोघी-तिघींच्या डोळ्यात पाणी आलं, एकीने दुसऱ्या दिवशी जुने कपडे आणले पिशवी भरून. मला वाटलं काय मस्त तास झाला. ती मुलगी त्यानंतर आठ दिवस शाळेत आली नाही. मी घरी गेले तर आईच्या मागे उभी राहून म्हणाली, "बाई, आता सगळे माझ्याकडं तसं बघत्यात." कसं बघत्यात ते मला विचारावं लागलं नाही. आदल्या आठवड्यापर्यंत ती लंगडीत सगळ्यांना बाद करणारी पोरगी होती, मी एका तासात तिला बिचारी करून ठेवलं.

त्यानंतर मी पद्धत बदलली. कोणाची गोष्ट वर्गात काढायची नाही, मोजमाप काढायचं. पाण्याचा नकाशा हे त्यातलं सगळ्यात यशस्वी. गावाचा नकाशा फळ्यावर, टाकी कुठे, व्हॉल्व्ह कुठे, कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येतं आणि किती मिनिटं टिकतं, प्रत्येकाने फक्त आपल्या घरचं सांगायचं. हंडा साधारण १५ लिटरचा धरायचा. जलजीवन मिशन, म्हणजे केंद्राच्या नळपाणी योजनेचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे, त्याच्याशी तुलना करायची. वेशीजवळच्या घरांचं माप पुरून उरलं आणि माळावरच्या वस्तीत सहा माणसांत आठ हंडे निघाले, म्हणजे माणशी २० लिटर. पोरांनी कारण लगेच सांगितलं, वस्ती उंचावर आहे, पाणी चढत नाही. बरोबरच होतं. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मग वस्ती तिथं कुणी ठिवली?" तो स्वतः वस्तीतला नव्हता, पाटलाच्या घरचा होता. मी उत्तर दिलं नाही, घरी विचारून या म्हटलं. दुसऱ्या दिवशी चार पालक शाळेत आले, पण तो वेगळा विषय.

तर तुमच्या मुलीने सर्व्हे जरूर वाचावा, पण त्यात मैत्रिणीची गोष्ट नको. नाव बदलून पण नको, गावात नाव बदलून काही लपत नाही. आकडे वाचावेत. कोणत्या वस्तीत किती मिनिटं पाणी, किती घरांना कुलूप, शाळेच्या पटावर किती आणि आज मैदानात किती. ऐकणाऱ्यांना कळायचं ते कळतं. आणि त्यात एक घर आपलंही घ्यावं, आमच्याकडे किती मिनिटं पाणी येतं, आमच्याकडून किती कोयते गेले. स्वतःचं घर वगळून केलेला सर्व्हे मी तरी तपासून परत देते.

ही सगळी चर्चा तुमच्या मुलीच्या बाजूची झाली. समजा हाच प्रश्न मला मैत्रिणीच्या आईने विचारला असता तर मी हे काहीच लिहिलं नसतं. वस्तीतल्या मुलांना विषमता शिकवावी लागत नाही. त्यांना ती आधी लाजेच्या रूपाने भेटते, पत्ता सांगताना अडखळतात, घरी चला म्हणत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, चांगलाच निर्णय, आमच्याकडेही नवी पाटी लागली. माझा एक विद्यार्थी म्हणाला, "बाई, पाटी आली पण डांबर पाटीच्या अलीकडंच संपलं." अशा पोराला राग कसा आवरायचा ते शिकवायचं नसतं. मी त्याला मुक्ता साळवेचा निबंध दिला. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजाची मुलगी, १८५५ मध्ये तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय ह्या नियतकालिकात छापून आला. आपल्यासारख्याच एका शाळकरी पोरीने हे इतक्या आधी लिहून ठेवलंय, हे कळल्यावर त्याची मान जरा वर झाली. तुमच्या मुलीलाही वाचायला द्या, पण तिने तो मैत्रिणीला समजावून सांगू नये एवढं बघा.

आता मैत्रिणीचं, कारण इथे वेळ कमी आहे. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंत. हंगामी वसतिगृहाची सोय, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी पोरं गावात राहतात आणि जेवणाची व्यवस्था होते, तीही मुळात त्याच वयासाठी. नववीतली पोरगी नेमकी ह्या फटीत पडते. आणि तिचं ह्या वयात फडावर जाणं म्हणजे नुसती शाळा बुडणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, राज्याचा आकडा २१.९ आहे. आईबाप वाईट असतात म्हणून हे होत नाही. फडात पंधरा वर्षांची पोरगी कोपीत एकटी ठेवायची भीती असते, आणि लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो, त्यावर वेगळी उचल मिळते. तुमची मुलगी रात्री रडते त्यात तिला हे कुठेतरी जाणवलेलं असू शकतं, मैत्रिणी एकमेकींना सांगतात.

म्हणून ह्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा. पटावरून नाव कमी होऊ देऊ नका. ती जिथे आहे तिथल्या जवळच्या शाळेत तिला बसता येईल का, परीक्षेला कधी परत येऊ शकते, हे मुख्याध्यापकांकडून लेखी करून घ्या. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी वसतिगृहं आहेत, मुलींची वेगळी, त्यांची चौकशी समाजकल्याणच्या ऑफिसात पुढच्या वर्षीसाठी आत्ताच करा, दसऱ्याला धावाधाव करून काही होत नाही. आणि सगळ्यात सोपं काम तुमच्याच घरातून होईल. ती टोळी तुमच्याच ट्रॅक्टरवर आहे, तिथून तुमचा ड्रायव्हर येतो-जातो. मुलीने रोजच्या अभ्यासाचे फोटो काढण्यापेक्षा वह्यांच्या झेरॉक्स काढून ड्रायव्हरजवळ द्याव्यात, फडात चार्जिंगची मारामार असते.

आणि मुलगी स्टेजवर काय वाचणार आहे ते आधी फोनवर मैत्रिणीला वाचून दाखवायला सांगा. फोन रात्री उशिरा करा, गाडी भरून गेल्यावर, त्याआधी कोणी उचलत नाही.